आधी दगड, मग लाटा: दोघांच्या बेट-सहलीची आखणी

आफ्रिकेच्या पूर्वेला असलेल्या झांझिबार बेटावरच्या स्टोन टाउन या शहरातल्या जुन्या घरांच्या भिंती प्रवाळाच्या दगडाच्या आहेत. मालदीवची राजधानी माले इथली १६५८ सालची हुकुरु मिस्की मशीद प्रवाळाचे ठोकळे कोरून उभी केली आहे. जावातल्या बोरोबुदूरच्या स्तूपावर, समुद्रापासून बरंच आत, शिडाचं जहाज कोरलंय. त्या शिल्पावरून बांधलेलं एक जहाज २००३-०४ मध्ये इंडोनेशियाहून निघून आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, घानापर्यंत जाऊन पोचलं. उष्ण कटिबंधातल्या बेटांवर इतिहास आणि समुद्र ही दोन वेगळी खाती नाहीतच. व्यापारी मोसमी वाऱ्यावर आले, वारा उलटेपर्यंत थांबले आणि त्या थांबण्यातून बंदरं, गोदामं, किल्ले, देवळं, मशिदी उभ्या राहिल्या.

तेच वारे आजही पाऊस आणतात, पाणी गढूळ करतात, बोटी बंद पाडतात. म्हणून आखणी करताना आधी वारा बघायचा, मग जागा ठरवायची, मग दिवसांचा क्रम आणि हॉटेल अगदी शेवटी. बहुतेक जण नेमकं उलट करतात. हॉटेलचा फोटो आवडतो, वर सवलत असते, पैसे भरले जातात. सवलत कशाची होती ते तिथे पोचल्यावर खिडकीतून दिसतं.

पहिली पायरी: दोन कागद, दोन याद्या

एकत्र बसून यादी करू नका. एकत्र बसलं की जो जास्त बोलतो त्याचीच यादी होते. दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर तीन रकाने करायचे: हे बघितल्याशिवाय परत येणार नाही, हे जमलं तर छान, आणि हे मला अजिबात नको. तिसरा रकाना सगळ्यांत उपयोगी. "मला बोट लागते", "मला उंचावर चक्कर येते", "मी पहाटे चारला उठणार नाही" हे घरी कळलेलं बरं, धक्क्यावर नव्हे.

मग कागद अदलाबदल करा. पहिल्या रकान्यात प्रत्येकी दोनच गोष्टी ठेवायच्या. त्या चार गोष्टी हा सहलीचा सांगाडा, बाकी सगळं भर घालण्यापुरतं. दोघांना पोहता येतं का, दोघांच्या गुडघ्यांची तब्येत कशी आहे, हेही इथेच लिहून टाका. श्रीलंकेतल्या सिगिरिया या कातळावरच्या जुन्या किल्ल्याला सुमारे १२०० पायऱ्या आहेत आणि वर जाणारा लोखंडी जिना कड्याला चिकटून जातो. एकाला जमणार नसेल तर खालच्या बागा, पाण्याचे हौद आणि संग्रहालय यांतही सकाळ मजेत जाते. पण मग एकानं वर जायचं आणि एकानं खाली थांबायचं, हे आधी ठरलेलं असावं. तिकिटाच्या रांगेत चर्चा नको.

दुसरी पायरी: वारा आणि पाऊस

"अमुक देशात जायला चांगला महिना कोणता" हा प्रश्नच अपुरा आहे. देशाचा नाही, किनाऱ्याचा महिना विचारायचा.

श्रीलंकेचं उदाहरण घ्या. नैऋत्य मोसमी वारे मे ते सप्टेंबर दक्षिण आणि पश्चिम किनाऱ्यावर पाऊस आणि खवळलेला समुद्र आणतात. म्हणजे गॉल, मिरिसा, बेंटोटासाठी डिसेंबर ते मार्च हा काळ योग्य. पूर्वेला त्रिंकोमालीच्या बाजूला याच्या उलट: तिथे हिवाळ्यात ईशान्य मोसमी पाऊस असतो आणि मे ते सप्टेंबर समुद्र शांत. बेट छोटं, पण एका बाजूला छत्री आणि दुसऱ्या बाजूला ऊन. गंमत अशी की सिगिरिया, पोलोन्नरुवा, अनुराधापूर ही जुनी राजधान्यांची ठिकाणं मधल्या कोरड्या पट्ट्यात येतात. ती कोणत्याही किनाऱ्याशी जोडता येतात, फक्त ऋतूप्रमाणे डावीकडे की उजवीकडे उतरायचं ते बदलतं.

थायलंडमध्येही हाच पेच आहे. फुकेत, क्राबी, फी फी ही अंदमान समुद्राकडची बाजू नोव्हेंबर ते एप्रिल चांगली. आखाताकडच्या सामुई, फांगान, ताओ या बेटांवर ऑक्टोबर ते डिसेंबर जोरदार पाऊस. सिमिलन बेटं साधारण मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पर्यटकांसाठी बंदच असतात.

बाली आणि मध्य जावा: एप्रिल ते ऑक्टोबर कोरडा काळ. झांझिबार: मार्च ते मे मोठा पाऊस, नोव्हेंबरच्या सुमारास छोटा, जून ते ऑक्टोबर कोरडं आणि त्यातल्या त्यात थंड. कॅरिबियनमध्ये चक्रीवादळांचा अधिकृत मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर, त्यातही ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंतचा काळ सर्वांत धोक्याचा. मॉरिशसकडे नोव्हेंबर ते एप्रिल. विषुववृत्ताच्या अगदी जवळ पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम क्षीण असतो, त्यामुळे तिथे चक्रीवादळं जवळपास तयार होत नाहीत. कॅरिबियनमध्येही दक्षिणेकडची अरुबा, बोनेर आणि कुरासाव ही बेटं वादळांच्या नेहमीच्या वाटेबाहेर पडतात. ज्यांना सुट्टी फक्त सप्टेंबरमध्ये मिळते त्यांनी कुरासावकडे जरूर बघावं. तिथलं विलेमस्टाड हे डचांनी १६३४ पासून वसवलेलं रंगीत बंदर युनेस्कोच्या यादीत आहे, आणि प्रवाळ किनाऱ्यापासून काही हातांवर सुरू होतात.

ऋतूबरोबर स्थानिक दिनदर्शिकाही बघा. बालीत न्येपीच्या, म्हणजे तिथल्या हिंदू नववर्षाच्या दिवशी, बहुधा मार्चमध्ये, पूर्ण २४ तास सगळं बेट थांबतं. विमानतळही बंद असतो आणि पर्यटकांनाही हॉटेलच्या आवारातच राहावं लागतं. ज्यांना शांतता हवी त्यांच्यासाठी हा दिवस सोन्यासारखा. ज्यांचं परतीचं विमान त्याच दिवशी आहे त्यांच्यासाठी नाही.

तिसरी पायरी: जोडी जुळवणं

एक स्थळसमूह आणि एक बेट, एवढंच. दोन आठवड्यांपेक्षा कमी दिवस असतील तर तिसरं ठिकाण घालूच नका. प्रत्येक मुक्काम बदलताना अर्धा दिवस जातो, आणि बोट मध्ये आली की पूर्ण दिवस.

जुळणाऱ्या काही जोड्या: बोरोबुदूर आणि प्रंबननची हिंदू देवळं यांसाठी जावातलं योग्याकार्ता शहर, मग बाली आणि तिच्याजवळची छोटी बेटं. कंबोडियातली अंगकोरची जुनी देवळं आणि त्याच देशाच्या किनाऱ्याजवळचं कोह रोंग बेट, नोव्हेंबर ते एप्रिल. अयुथया, जी १३५० ते १७६७ सयामची राजधानी होती आणि बँकॉकहून उत्तरेला सुमारे ८० किलोमीटरवर आहे, आणि त्यानंतर अंदमान समुद्राकडची बेटं. मेक्सिकोत माया लोकांचं जुनं शहर चिचेन इत्सा आणि कोझुमेल बेट. ज्यांना फार हलायचंच नाही त्यांच्यासाठी झांझिबार: स्टोन टाउनमध्ये तीन रात्री, मग उत्तरेचा किंवा पूर्वेचा किनारा, सगळं एकाच बेटावर गाडीनं.

पहिल्यांदाच अशी सहल करणाऱ्या जोडप्याला मी एकाच देशातली जोडी सुचवेन. एक व्हिसा, एक चलन, एक सिमकार्ड. मात्र एकाच देशातही घड्याळ फसवतं. जावा आणि बाली यांत एक तासाचा फरक आहे, बाली पुढे. मेक्सिकोत कान्कून आणि कोझुमेल एका वेळेत, तर चिचेन इत्सा एक तास मागे. बोटीची आणि सहलीच्या गाडीची वेळ कुठल्या घड्याळानं सांगितली आहे ते विचारून घ्या.

चौथी पायरी: क्रम

आधी दगड, मग लाटा. हे मी आग्रहानं सांगेन.

सुरुवातीला पाय ताजे असतात आणि उत्सुकताही. लांबून पूर्वेकडे किंवा पश्चिमेकडे उडून आल्यावर झोपेचं घड्याळ बिघडलेलं असतं, अवेळी जाग येते. ती जाग पहाटेच्या देवळाच्या कामी येते. स्मारकांची तिकिटं ठराविक दिवसाची, कधी ठराविक तासाची असतात, ती सहलीच्या पहिल्या भागात बसवणं सोपं. आणि चार दिवस वाळूत लोळल्यावर, खांदे भाजलेले असताना, कोणी हजार पायऱ्या चढत नाही. ठरवलेलं असलं तरी चढत नाही. "उद्या बघू" म्हणतात आणि उद्या विमान असतं.

दहा रात्रींचा नमुना जुलै-ऑगस्टसाठी असा मांडता येईल. तीन रात्री योग्याकार्तात: पोचल्याचा दिवस मोकळा, दुसऱ्या दिवशी बोरोबुदूर, तिसऱ्या दिवशी दुपार उलटल्यावर प्रंबनन, कारण तिथली सायंकाळ सुरेख असते. मग विमानानं बाली. उबुदला दोन रात्री, त्यात गुनुंग कावीच्या अकराव्या शतकातल्या, कड्यात कोरलेल्या देवळांची सकाळ. मग सानूरहून जलद बोटीनं नुसा लेंबोंगान, चार रात्री. शेवटची रात्र पुन्हा सानूरला.

ही शेवटची रात्र गाळायचा मोह सगळ्यांना होतो. एक रात्र बेटावर जास्त मिळाली असती, असं वाटतं. पण छोट्या बेटावरून सुटणारी बोट हवामानामुळे कधीही रद्द होऊ शकते आणि त्याबद्दल विमान कंपनीला काही देणंघेणं नसतं. परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री तुम्ही विमानतळाच्याच बेटावर असलं पाहिजे. मालदीवमध्ये येतानाही असाच हिशोब करावा लागतो. तिथली समुद्री विमानं फक्त उजेडात उडतात. दुपार उलटल्यावर मालेला उतरलात तर लांबच्या बेटावर त्या दिवशी बहुधा जाता येत नाही. मग ती रात्र मालेतच काढायची असं आधीच ठरवा आणि हुकुरु मिस्की बघून घ्या.

पाचवी पायरी: आरक्षण कुठल्या क्रमानं

आधी ज्याच्या जागा मर्यादित आहेत ते. बोरोबुदूरच्या वरच्या मजल्यांवर चढण्यासाठी वेगळं, वेळ ठरलेलं तिकीट लागतं, सोबत वाटाड्या असतो, आणि दगड झिजू नयेत म्हणून खास चपला देतात. आवारात फिरण्याचं तिकीट घेऊन गेलात तर स्तूप खालूनच बघाल. असे नियम बदलत राहतात, म्हणून जायच्या आधी त्या स्थळाच्या अधिकृत पानावर नजर टाकाच. चिचेन इत्साच्या पिरॅमिडच्या पायऱ्या चढणं तर कधीचंच बंद झालंय. जुन्या फोटोंवर विसंबून जाणाऱ्यांची तिथे निराशा होते.

अंगकोरचा पास एक, तीन किंवा सात दिवसांचा मिळतो. तीन दिवसांचा पास दहा दिवसांत कधीही वापरता येतो, सलग जायची सक्ती नाही. एक दिवस देवळं, एक दिवस आराम, पुन्हा देवळं, अशी विभागणी दोघांनाही मानवते. पासवर तुमचा फोटो असतो, तेव्हा तो एकमेकांना देता येत नाही.

मग विमानं, मग बेटावरचा मुक्काम, आणि शहरातला मुक्काम सर्वांत शेवटी. बेटावरची खोली रद्द करता येण्यासारखीच घ्या, थोडी महाग पडली तरी. खोली कुठल्या बाजूला तोंड करून आहे यापेक्षा धक्क्यापासून किती लांब आहे, आणि तिथून सामान कोण नेणार, हे विचारा. काही बेटांवर बोट वाळूतच लागते, गुडघाभर पाण्यात उतरावं लागतं. चाकांची मोठी बॅग तिथे डोक्यावर घ्यायची वेळ येते.

कागदपत्रं, पैसे, तब्येत

पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर सहा महिने उरलेली असावी. अनेक देश तेवढी मागतात. नवविवाहितांनी एक गोष्ट खास तपासावी: तिकिटावरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव अक्षर न् अक्षर एकच आहे ना? लग्नानंतर आडनाव बदललं आणि पासपोर्ट जुनाच असेल, तर तिकीट जुन्याच नावानं काढायचं.

दोघांच्या दोन वेगळ्या बँकांची कार्डं, दोन वेगळ्या बॅगांत. छोट्या बेटावरचं एटीएम शनिवारी रिकामं होऊन सोमवारपर्यंत तसंच राहू शकतं, म्हणून मुख्य शहरातून निघतानाच रोकड घ्या. प्रवास विम्यात स्कूटर आणि स्कूबा (पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली जाणं) आहेत का ते वाचा. दुचाकीचा परवाना नसताना भाड्याची स्कूटर चालवून पडलात तर बहुतेक विमा कंपन्या हात वर करतात. बेटांवरच्या वळणाच्या रस्त्यांवर खरचटलेले गुडघे घेऊन फिरणारे पर्यटक भरपूर दिसतात.

पीतज्वराची लस लागते का, हे तुम्ही कुठून येताय आणि मध्ये कुठे थांबताय यावर ठरतं. प्रमाणपत्र लसीनंतर दहा दिवसांनी ग्राह्य होतं आणि २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं. डेंगी पसरवणारा डास दिवसा चावतो, तेव्हा डास पळवणारं मलम सकाळी देवळात जातानाच लावा, रात्रीची वाट बघू नका. आणि जोडप्यांसाठी खास: मूल होऊ देण्याचा विचार असेल तर झिका या पोटातल्या बाळाला अपाय करणाऱ्या, डासांमुळे पसरणाऱ्या विषाणूची साथ असलेल्या ठिकाणांची यादी आधी बघा. अशा ठिकाणाहून आल्यावर पुरुषानं तीन महिने आणि स्त्रीनं दोन महिने थांबावं, असा अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेचा सल्ला आहे. गरोदर असाल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय तिकीट काढूच नका.

बॅग

थोडक्यात सांगतो. छोट्या विमानांत सामानाची मर्यादा कडक असते, म्हणून दोन मध्यम मऊ बॅगा एका मोठ्या टणक बॅगेपेक्षा बऱ्या. दोघांचे कपडे दोन्ही बॅगांत अर्धे-अर्धे भरा. एक बॅग हरवली तरी दोघांकडे काहीतरी उरतं. खांदे आणि गुडघे झाकणारा हलका सुती कपड्यांचा एकेक जोड, एक मोठा पंचा किंवा सरॉन्ग, पाण्यात घालायचा लांब बाह्यांचा टीशर्ट, बोटीसाठी पाणी न शिरणारी छोटी पिशवी, ओआरएसची पाकिटं, बॅटरी. एकसारखे टीशर्ट ही ज्याची त्याची हौस.

सनस्क्रीन बघून घ्या. प्रशांत महासागरातल्या पलाऊ या देशानं २०२० पासून आणि हवाईनं २०२१ पासून प्रवाळांना घातक रसायनं असलेल्या सनस्क्रीनवर बंदी घातली आहे. हवाईच्या बंदीत ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनोक्झेट ही दोन नावं आहेत. झिंक ऑक्साइडचं मलम घ्या. तोंड पांढरंफटक दिसतं, चालायचंच.

स्मारकातला दिवस

एका दिवसात एकच मोठं स्थळ, आणि तेही शक्यतो सकाळी. विषुववृत्ताजवळ दहानंतर सूर्य डोक्यावर येऊ लागतो, सावल्या आखूड होतात, दगड तापतो. अकरा ते तीन खोलीत, पाण्यात किंवा जेवणात घालवा. सूर्य बारा महिने संध्याकाळी सहाच्या आसपासच मावळतो आणि अंधारही झटकन पडतो. तेव्हा "संध्याकाळी निवांत बघू" या बेताला फार वेळ मिळत नाही.

गर्दीच्या उलट दिशेनं चालायला शिका. अंगकोर वाट पश्चिमाभिमुख आहे, म्हणून सूर्योदय देवळाच्या मागून होतो. पहाटे पाचपासून शेकडो लोक समोरच्या तळ्याकाठी फोन उंचावून उभे असतात. सूर्य वर आला की त्यातले बहुतेक नाश्त्याला पांगतात. नेमक्या त्या वेळी आत शिरायचं आणि थेट मागच्या बाजूला, पूर्वेच्या ओवरीत जायचं. तिथे समुद्रमंथनाचं सुमारे ४९ मीटर लांबीचं शिल्प आहे, आणि सकाळचं ऊन त्याच बाजूनं आत येतं. खांबांच्या सावल्या शिल्पावर तिरक्या पडलेल्या असतात. वासुकीला ओढणाऱ्या असुरांचे डोळे गोल, वटारलेले. देवांचे बदामी आणि शांत. ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू चालत जा, खालच्या पट्टीत मासे आणि मगरी बघा. मध्यभागी, जिथे रवी घुसळते, तिथे त्यांचे तुकडे झालेले दिसतात. देवळाची पुढची बाजू मात्र दुपारनंतर उजळते, तेव्हा समोरून फोटो हवा असेल तर त्या वेळी परत या. पास दिवसभराचा असतोच.

बोरोबुदूरला पूर्वेच्या जिन्यानं चढून, स्तूप उजव्या हाताला ठेवून प्रदक्षिणा घालत जायचं. कथा त्याच क्रमानं कोरलेल्या आहेत. शिल्पांचे एकूण २६७२ पट आहेत, सगळे बघणं शक्य नाही. पहिल्या ओवरीतली बुद्धचरित्राची रांग निवडा. खाली उतरल्यावर आग्नेय कोपऱ्यात जा. मूळ पायथ्यावरचे कर्म आणि त्याच्या फळांचे १६० पट पुढे बांधलेल्या दगडी कठड्याआड झाकले गेले होते, ते १८८५ मध्ये उजेडात आले. पुन्हा झाकताना या कोपऱ्यातले थोडे उघडे ठेवलेत. वाटाडे घाईत असतील तर हा कोपरा गाळतात. तुम्हीच विचारा.

सिगिरियाला गांधीलमाश्यांची मोठी पोळी आहेत आणि शांत राहा अशा पाट्या लावलेल्या आहेत. त्या पाट्या शोभेच्या नाहीत. तिथल्या भित्तिचित्रांचे फोटो काढायलाही मनाई आहे.

शिष्टाचार साधे आहेत. श्रीलंकेत बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढणं अपमान समजला जातो. अयुथयाच्या वाट महाथातमध्ये झाडाच्या मुळांत अडकलेलं बुद्धाचं मस्तक आहे, तिथे फोटो काढताना खाली बसायचं, आपलं डोकं त्याहून वर ठेवायचं नाही. स्टोन टाउनमध्ये अंग झाकणारे कपडे घाला. मालदीवच्या वस्तीच्या बेटांवर बिकिनी ठरवून दिलेल्या किनाऱ्यावरच चालते आणि दारू मिळत नाही. देवळा-मशिदींच्या आवारात गळ्यात गळे घालायचे नाहीत, हात धरायलाही आधी आजूबाजूला बघा.

समुद्रातला दिवस

सकाळी निघा. दिवस तापला की खारे वारे जोर धरतात, लाटा वाढतात, पाण्याखालचं दिसणं कमी होतं. स्नॉर्कलिंगची (नळीनं श्वास घेत पाण्याखालचं बघण्याची) बोट आठला सुटणारी असेल तर तीच घ्या, दुपारची स्वस्त असली तरी.

भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघायची सवय लावून घ्या. ती वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, म्हणजे भरतीला पाणी फार वर आणि ओहोटीला फार लांब. अष्टमीच्या सुमारास भांग, फरक कमी. झांझिबारच्या पूर्व किनाऱ्यावर, पाजे किंवा जाम्बियानीला, ओहोटीत समुद्र इतका मागे सरतो की पोहायला पाणीच उरत नाही. मात्र उघड्या पडलेल्या त्या वाळूत बायका समुद्री शेवाळाची शेती करताना दिसतात, ते बघायला हीच वेळ. ज्यांना दिवसभर पोहायचंय त्यांनी उत्तरेला नुंग्वी किंवा केंद्वाला राहावं, तिथे पाणी एवढं मागे जात नाही. हॉटेलच्या पानावरचे सगळे फोटो भरतीचे असतात, हे सांगायला नको.

किनाऱ्यावर दोन्हीकडे लाटा फुटतायत आणि मध्ये एक शांत, जरा गडद पट्टा दिसतोय, तर तिथेच पोहायला जावंसं वाटतं. तो बहुधा पाणी आत ओढणारा प्रवाह असतो. सापडलात तर किनाऱ्याकडे झुंजू नका. किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला व्हा, मग परत या. जोडीदार अडकला तर आधी तरंगणारी कुठलीही वस्तू फेका आणि मदत बोलवा. मागोमाग उडी मारली की बुडणारे दोघं होतात.

स्कूबा बेटावरच्या पहिल्या दिवसांत उरका. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या पाणबुड्यांच्या सुरक्षा संस्थेचा सल्ला असा: एकाच डाइव्हनंतर किमान १२ तास आणि अनेक डाइव्हनंतर किमान १८ तास विमानात बसू नये. पुष्कळ प्रशिक्षक सरसकट २४ तास सांगतात. उंच डोंगरावर जायलाही हेच लागू. म्हणून बेटावरचा शेवटचा पूर्ण दिवस कोरडा ठेवा.

दोघांमधलं

भांडणं मोठ्या गोष्टींवरून होत नाहीत. एक जण प्रत्येक फलक शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो आणि दुसरा चार ओवऱ्या पुढे जाऊन बाकावर बसतो. "अगं, चल ना" आणि "अरे, जरा थांब ना" यांच्यात पूर्ण सकाळ जाते. उपाय साधा आहे: आत शिरतानाच भेटायची जागा आणि वेळ ठरवा. "दीड तासानं, पश्चिमेच्या दारातल्या सिंहापाशी." फोनवर भरवसा नको, दगडी भिंतींत रेंज जाते आणि बॅटरी फोटोंत संपते.

दिवसाआड कारभारी बदला. ज्याचा दिवस त्यानं गाडी ठरवायची, जेवायला कुठे बसायचं ते सांगायचं, पैसे द्यायचे. दुसऱ्यानं त्या दिवशी फक्त सोबत यायचं आणि "मी म्हटलं नव्हतं का" हे वाक्य गिळायचं. खर्चासाठी एक सामाईक पाकीट ठेवा, त्यात दोघांनी सारखी रक्कम टाकायची आणि रोजचं सगळं त्यातूनच. बाकी खरेदी ज्याची त्यानं. त्यामुळे रोज रात्री हिशोब करत बसावं लागत नाही.

सहलीत एक अर्धा दिवस वेगवेगळा घालवा. एकानं संग्रहालय, एकानं समुद्र. रात्री जेवताना सांगण्यासारखं काहीतरी असतं.

आणि एकाचं पोट बिघडलं तर काय, हेही आधी बोलून ठेवा. बिछान्यात पडलेल्याला बहुतेक वेळा पाणी, ओआरएस आणि शांतता हवी असते, शेजारी बसून घड्याळ बघणारं माणूस नव्हे. तिकीट काढलेलंच आहे तर दुसऱ्यानं जाऊन यावं. पण ताप असेल, रक्त पडत असेल किंवा पाणीही पोटात राहत नसेल तर स्मारक गेलं खड्ड्यात, दवाखाना गाठा. छोट्या बेटावर असाल तर अंधार पडून बोटी बंद व्हायच्या आत निर्णय घ्या.

परत निघताना

ओले कपडे आदल्या दुपारीच वाळत टाका, दमट हवेत ते एका रात्रीत वाळत नाहीत. बॅगेतून प्रवाळाचे तुकडे, मोठे शंख, कासवाच्या पाठीच्या वस्तू काढून टाका. यांतल्या बऱ्याच गोष्टींवर साइट्स या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय करारानं निर्बंध आहेत आणि विमानतळावर जप्ती किंवा दंड होऊ शकतो. देवळाबाहेर कोणी "जुनं नाणं, जुनी मूर्ती" म्हणून काही दिलं, तर ते खोटं असलं की पैसे जातात आणि खरं असलं की पुरावस्तू देशाबाहेर नेण्याचा गुन्हा होतो. आठवण म्हणून कापड घ्या, मसाले घ्या, आणि पावती बॅगेत वरच ठेवा.